सायलेन्सर बदलला, आता जेटचं काय?

आज विषय स्कूटरचा आहे, पण चेतकच्या आठवणी काढायला मी बसलेलो नाही. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, बडोद्याला नाहीतर हैदराबादला, घरात एकेकाळी टू-स्ट्रोक स्कूटर असेल तर पेट्रोल पंपावरचं एक दृश्य तुम्हाला पाठ असेल. लिटरला २० मिली ऑइल टाकून घ्यायचं. टाकी एकच, आणि त्यातच पेट्रोल आणि तेल. हे ध्यानात ठेवा, पुढे याचंच काम पडणार आहे.

आज अशा जुन्या स्कूटर बाहेर काढून त्यांच्यावर मोठा ब्लॉक-पिस्टन आणि मधे फुगलेला सायलेन्सर बसवणारी तरुण मंडळी बरीच आहेत. पार्ट अर्ध्या दिवसात बसतात. गाडी पहिल्या दिवशी सुसाट जाते. आणि कधीतरी हायवेवर, पूर्ण रेसमध्ये, पिस्टन चिकटतो. मागचं चाक जागच्या जागी अडकतं. स्कूटरचं चाक लहान, त्यामुळे सावरायला वेळ मिळत नाही. जिवावरचं काम आहे हे. असं का होतं, हे समजून घ्यायला साठ-सत्तर वर्षं मागे जायला लागेल.

१९५१ साल घ्या. इटलीत व्हेस्पा आणि लँब्रेटा एकमेकींच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. फेब्रुवारीत व्हेस्पाच्या १२५ सीसी गाडीनं ताशी १७१ किलोमीटरचा विक्रम केला. ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या म्युनिक-इंगोलश्टाट रस्त्यावर रोमोलो फेरीनं लँब्रेटा २०१ वर नेली. पण हे साधलं कसं? व्हेस्पानं एका इंजिनात समोरासमोर दोन पिस्टन घातले, लँब्रेटानं सुपरचार्जर लावला. म्हणजे हवा पंपानं जबरदस्ती आत कोंबायची. तुमच्या-आमच्या गाडीला याचा काही उपयोग नव्हता.

खरा बदल झाला पूर्व जर्मनीत, त्शोपाउ नावाच्या छोट्या गावात. तिथल्या एमझेड कारखान्याच्या रेसिंग विभागात वाल्टर काडेन नावाचा इंजिनिअर होता. पैसा नाही, चांगला धातू मिळायची मारामार. त्याचं लक्ष गेलं धूर बाहेर नेणाऱ्या नळीकडे. फुगीर नळीची कल्पना एकट्या काडेनची नव्हे, एरिश वोल्फ या जर्मन इंजिनिअरनं ती आधी वापरली होती. पण काडेननं ऑसिलोस्कोप लावून नळीतल्या दाबाच्या लाटा पाहिल्या, आणि अंदाजाचं काम मोजमापाचं झालं.

ही लाटेची भानगड जरा सावकाश बघू. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात. जळलेला वायू बाहेर जाण्याचं भोक आणि ताजं मिश्रण आत येण्याची भोकं काही काळ एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताजं पेट्रोल न जळताच थोडं बाहेर पळतं. आता धुराचं भोक उघडलं की दाबाची एक लाट नळीतून पुढे धावते. नळी रुंद होत गेली, की त्या लाटेतून उलटी ओढ तयार होते आणि ती सिलिंडर रिकामा करून ताजं मिश्रण आत खेचते. पुढे नळी निमुळती झाली, की दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर पळालेलं मिश्रण भोक बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. पत्र्याची नळी, आत एकही हलता भाग नाही, आणि काम सुपरचार्जरचं! फक्त हे जुळतं ठरावीक आरपीएमला. त्याच्या खाली इंजिन मरगळलेलं, आणि तिथे पोचलं की एकदम उसळी.

१९६१ पर्यंत काडेनच्या १२५ सीसी इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २००. आपली चेतक साधारण १५० सीसीत सात-साडेसात अश्वशक्तीवर सुखी होती, यावरून काय ते समजा.

त्याच वर्षी १३ ऑगस्टला बर्लिनची भिंत उभी राहायला लागली. महिन्याभरानं एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाडच्या शर्यतीला गेला. शर्यतीत इंजिन निकामी झालं आणि तो परत घरी गेलाच नाही. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून पश्चिमेत आणलेलं होतं. काडेनची विद्या त्याच्याबरोबर सुझुकीकडे गेली. १९६२ मध्ये डेग्नरनं सुझुकीला ५० सीसीचं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. पुढे जपानी टू-स्ट्रोकनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. आरएक्स १०० चा आवाज विसरलेला माणूस मला अजून भेटायचाय!

ही विद्या स्कूटरपर्यंत आली ती इटलीतल्या पोरांमुळे. १९६३ मध्ये पियाजिओनं ५० सीसीची व्हेस्पा काढली, कारण त्याहून मोठ्या गाडीला नंबरप्लेट लागायची. पोरांच्या हातात गाडी आली, पण वेग नाही. मग बेर्गामोचे पोलिनी, बोलोन्याचे मालोस्सी यांची किट आली. ब्रिटनमध्ये लँब्रेटावाल्यांनी तेच केलं. इनोसेंतीचा लँब्रेटा बनवण्याचा साचा-सरंजाम १९७२ च्या सुमारास लखनौच्या स्कूटर्स इंडियाकडे आला, आणि लखनौत बनलेल्या जीपी स्कूटर उलट ब्रिटनला जाऊ लागल्या. १९८० च्या दशकात टेरी शेफर्डच्या नावावरून टीएस-१ म्हणून ओळखलं गेलेलं २२५ सीसीचं किट तिथे आलं. अशा गाड्या चालवणारे ब्रिटिश रायडर डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायचे. पिस्टन चिकटला की क्षणात क्लच दाबायचा, चाक मोकळं करायचं. ही सवय कशातून आली असेल ते वेगळं सांगायला नको.

आता लिटरला २० मिलीकडे या. फुगीर सायलेन्सरनं इंजिन जास्त हवा ओढायला लागलं, पण कार्बोरेटरच्या जेटचं भोक जुनंच राहिलं. पेट्रोल कमी पडलं, मिश्रण लीन झालं, पिस्टन तापला. आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. उष्णता वाढली त्याच क्षणी वंगण घटलं. फोर-स्ट्रोकची सवय असलेला मेकॅनिक इथेच फसतो, कारण तिथे तेलाचा हिशेब वेगळा असतो.

म्हणून जेट लावण्याची रीत उलटीकडून आहे. आधी हवा कुठून चोरून येत नाही ना, गॅस्केट आणि क्रँकचे सील धड आहेत ना, ते बघायचं. मग मुद्दाम मोठा जेट लावायचा. पूर्ण रेसमध्ये गाडी भक्‌भक् करत अडखळली पाहिजे. तिथून एकेक नंबर खाली यायचं. डेलॉर्टोच्या जेटवरचा नंबर म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात भोकाचा व्यास. १०० चा जेट म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. १०५ लावला तर व्यास पाच टक्क्यांनी वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी. आकडा लहान दिसतो, फरक लहान नसतो.

मग प्लग बघायचा. मोकळ्या सपाट रस्त्यावर पूर्ण रेसनं जाऊन एकाच वेळी इंजिन बंद आणि क्लच दाबायचा, बाजूला थांबून प्लग काढायचा. चॉकलेटी रंग ठीक. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त, त्यानं गाडी मरत नाही. पांढराफटक दिसला तर त्या जेटवर घरीसुद्धा जाऊ नका, हळू चालवत न्या किंवा टेम्पोत घाला.

किटच्या डब्यात जेटचा नंबर लिहिलेला असतो, पण तो इटलीतल्या हवेचा आणि त्यांच्या एअर फिल्टरचा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ. तिथे नेमका बसवलेला जेट मुंबईत आलात की लीन पडतो, दोन-तीन नंबर वर जायला लागतं. पुण्याहून महाबळेश्वरला चढताना उलट होतं, मिश्रण रिच होतं, गाडी जरा सुस्तावते. ती सुस्ती चालेल. घाट उतरताना मात्र थ्रॉटल पूर्ण बंद आणि गाडी गिअरमध्ये, असं मैलोन्‌मैल करू नका. चाकं इंजिन फिरवत असतात आणि तेल जवळजवळ येतच नाही. अधूनमधून थोडी रेस द्या, पिस्टनला तेल मिळतं.