ऑगस्टा स्टेटचे पाच गडी

आमच्या उम्म अल कुवैनमध्ये गोल्फचा विषय निघाला की लोक दुबईकडे बोट दाखवतात. तिथे १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लब उघडला आणि आखातात गवतावरचे गोल्फ सुरू झाले. त्याआधी वाळूत तेल कालवून केलेल्या 'ब्राऊन'वर खेळत. वाळवंटात हिरवळ राखायची म्हणजे पाणी आणि पैसा दोन्ही ओतायचे. म्हणून गोल्फमध्ये जिंकतो तो पैसेवालाच, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फने हा समज दोनदा खोटा पाडला आहे.

जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा मास्टर्स स्पर्धेमुळे जगाला ठाऊक आहे. त्याच गावात १९२५ साली एक ज्युनियर कॉलेज निघाले, त्याचेच पुढे ऑगस्टा स्टेट युनिव्हर्सिटी झाले. २०१० च्या सुमारास तिथे विद्यार्थी जेमतेम ७,०००. कॉलेज-क्रीडेचा कारभार पाहणारी एनसीएए विद्यापीठांचे तीन गट करते. ऑगस्टा स्टेट इतर खेळांत दुसऱ्या गटात, फक्त गोल्फमध्ये पहिल्या. या संघाने २०१० च्या अंतिम सामन्यात ओक्लाहोमा स्टेटला आणि २०११ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाला हरवले. लागोपाठ दोन विजेतेपदे त्याआधी ह्यूस्टनने १९८४-८५ मध्ये मिळवली होती.

हे जमले कसे? अमेरिकन फुटबॉलच्या वरच्या संघाला तेव्हा ८५ शिष्यवृत्त्या देता येत. पुरुषांच्या गोल्फला जास्तीत जास्त साडेचार, त्याही तुकडे करून आठ-दहा मुलांत वाटायच्या. मैदानात उतरतात पाचच. म्हणजे श्रीमंत विद्यापीठालाही पैसा ओतायला मर्यादा होती. शिवाय २००९ पासून अखेरची फेरी एकास एक सामन्यांची झाली. पाचांपैकी तीन जिंकले की काम फत्ते.

लहान संघाला अभ्यासात मात्र सवलत नाही. एनसीएए दर सेमिस्टरला शिष्यवृत्तीधारक खेळाडूमागे दोन गुण मोजते: एक कॉलेजात टिकल्याचा, एक अभ्यासात पात्र राहिल्याचा. एक हजारपैकी ९३० हवेत, चार वर्षांच्या सरासरीने. आता हिशेब करा. पाच खेळाडू, दोन सेमिस्टर, एकूण २० गुण. एकच मुलगा नापास होऊन निघून गेला तर उरले १८, म्हणजे त्या वर्षाचे ९००. फुटबॉलच्या ८५ जणांत तो एक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

पुढे २०११ मध्ये कोच जॉश ग्रेगरी दुसऱ्या विद्यापीठात गेले. दोन्ही अंतिम सामन्यांत खेळलेला पॅट्रिक रीड व्यावसायिक झाला. २०१८ मध्ये त्याने ऑगस्टातच मास्टर्स जिंकली. २०१३ मध्ये विद्यापीठ विलीन झाले, आता ते ऑगस्टा युनिव्हर्सिटी आहे. तिसरे विजेतेपद काही आले नाही.

आणि २०२५-२६ पासून साडेचारची मर्यादाही गेली. खेळाडूंना थेट मोबदला देण्याची नवी व्यवस्था स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना नऊ गोल्फपटू ठेवता येतात, नऊच्या नऊ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच झाले. पण लहान विद्यापीठ ज्या फटीतून आत शिरले होते, ती आता बुजली.