आधी खुराडे, मग कोंबड्या

दिवसभर कोंबड्या अंगणात सोडायच्या आणि सांजवेळी डालग्याखाली डालायच्या, ही खेड्यापाड्यांतील जुनी रीत. डालगे पडवीत, माणसांच्या वावरापाशी ठेवलेले असे. त्यामुळे ती निभावूनही जाई. बंगल्यामागील मोकळ्या जागेत किंवा शेतघरी प्रथमच कोंबड्या पाळणाऱ्याला मात्र हा आधार नसतो. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही. ती जागच्या जागी बसून राहते आणि आत शिरलेल्या उदमांजराच्या किंवा रानमांजराच्या तावडीत आयतीच सापडते. एका रात्रीत सगळी खुराडी रिकामी होते ती यामुळेच. म्हणून कोंबड्या विकत घेण्यापूर्वी त्यांचे घर पूर्ण बांधून झालेले असणे, ही या छंदाची पहिली अट होय.

रानातील सवयी

पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. सह्याद्रीच्या जंगलात दिसणारा करडा रानकोंबडा हा त्याचाच जवळचा आप्त. दिवसा पाचोळा उकरून किडे व बिया टिपणे, कोरड्या धुळीत लोळणे, आडोशाला अंडी घालणे आणि अंधार पडण्यापूर्वी उंच फांदीवर जाऊन बसणे, हा या पक्ष्याचा मूळ दिनक्रम. पाळीव कोंबडीने तो सोडलेला नाही. उकरण्यास जमीन, लोळण्यास धूळ, अंड्यांसाठी आडोसा आणि रात्रीसाठी उंच दांडी या चार गोष्टी मिळाल्या, की कोंबडी नव्या जागी लवकर रुळते.

जागा आणि बांधणी

खुराड्यासाठी पाणी न साचणारी, उंचवट्याची जागा निवडावी. सकाळचे ऊन मिळावे आणि दुपारी झाडाची सावली असावी. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास कडक ऊन थेट आत येत नाही. रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक पक्ष्यामागे २ ते २.५ चौरस फूट आणि दिवसा फिरण्याच्या जाळीबंद आवारात सुमारे १० चौरस फूट जागा धरावी. या हिशेबाने सहा कोंबड्यांना ४ फूट बाय ४ फुटांचे खुराडे आणि त्याला जोडून १० फूट बाय ६ फुटांचे आवार पुरते.

खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच उचललेले असावे. त्यामुळे ओल वर चढत नाही आणि घुशींना तळाशी बीळ करण्यास आडोसा मिळत नाही. छपरास कौले उत्तम. पत्रा घातल्यास त्यावर झावळ्या किंवा गवत अंथरावे, अन्यथा एप्रिल-मे महिन्यांत आतील पक्षी उष्म्याने दगावण्याची भीती असते. पागोळ्या दूर पडाव्यात यासाठी छप्पर दोन फूट तरी बाहेर काढावे.

खर्चाचा हात आखडता घेऊ नये तो जाळीच्या बाबतीत. बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते. पण कुत्रा ती फाडतो आणि लहान साप सहज आत शिरतो. अर्धा इंच चौकोनी छिद्रांची, वेल्डिंग केलेली जाळी वापरावी आणि आवाराभोवती ती एक फूट जमिनीत पुरावी. मुंगूस दिवसा येते, तर उदमांजर रात्री. म्हणून आवारावरही जाळीचे छत हवे. दाराला केवळ आकडी न लावता घट्ट बसणारी कडी लावावी.

आतील मांडणी

बसण्याची दांडी लाकडाची, कडा गोल केलेली आणि सुमारे दोन इंच जाडीची असावी. प्रत्येक कोंबडीस ८ ते १० इंच जागा मिळेल, अशी तिची लांबी ठेवावी. अंडी घालण्याचे खोके दांडीपेक्षा खालच्या पातळीवर असावेत. ते उंच असले तर कोंबड्या रात्री त्यांतच झोपतात आणि अंडी घाणीने माखतात. चार ते पाच कोंबड्यांमागे एक फूट लांब, रुंद व उंच असा एक खोका पुरतो. तो अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून आत कोरडा पेंढा घालावा.

जमिनीवर भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि आठवड्यातून एकदा तो खालीवर करावा. हा थर कोरडा राहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. रक्ती हगवणीच्या रोगकारकांना वाढीस ओल लागते आणि भिजलेल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पक्ष्यांचे डोळे व श्वसनमार्ग बिघडवतो. पावसाळ्यात वाऱ्याच्या बाजूस गोणपाटाचा किंवा ताडपत्रीचा पडदा सोडावा. मात्र चारही बाजू बंद करू नयेत. भिंतींतील भेगा लिंपून चुना द्यावा, कारण कोंबड्यांची गोचीड दिवसा भेगांत दडून रात्री रक्त पिते. आवाराच्या कोपऱ्यात राख आणि कोरडी माती यांचे उथळ घमेले ठेवल्यास धुळीच्या अंघोळीची सोय होते.

पक्ष्यांची निवड

एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. नवख्याने त्या फंदात न पडता लसीकरण झालेल्या, तीन-चार महिन्यांच्या तलंगा आणाव्यात. गावरान कोंबडी काटक असते व खुडूक होऊन पिले काढते, पण वर्षाला साधारणपणे ६० ते ८० अंडीच देते. बंगळूर येथे विकसित झालेली गिरिराज, तसेच हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराज आणि ग्रामप्रिया या सुधारित जाती परसात अधिक अंडी देतात. मध्य प्रदेशातील झाबुआचा कडकनाथ देखणा व चिवट असला, तरी अंड्यांचे प्रमाण बेताचेच. केवळ अंडी हवी असतील तर कोंबडा पाळण्याची गरज नाही. नराविनाही कोंबडी अंडी देते, फक्त त्यांतून पिले निघत नाहीत.

पहिला आठवडा

नव्या कोंबड्या शक्यतो संध्याकाळी आणून थेट खुराड्यात सोडाव्यात आणि पाच ते सात दिवस खुराडे व जाळीबंद आवार यांपलीकडे जाऊ देऊ नयेत. ‘रात्री परतण्याची जागा हीच’ ही खूण त्यांना या काळात पटते. त्यानंतर सूर्यास्ताआधी तासभर बागेत मोकळे सोडावे. अंधारू लागताच त्या आपण होऊन परततात. पूर्वीच्या कोंबड्या असतील तर नव्या पक्ष्यांना किमान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे. वाफ्यांतील कोवळ्या रोपांना कुंपण घालणेही इष्ट, कारण नुकतेच पेरलेले आळे उकरण्यास कोंबडीला काही मिनिटेच लागतात.

खाद्य आणि आरोग्य

अंड्यावरील कोंबडीस दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. बागेत चरणाऱ्या पक्ष्यांना त्याहून कमी. ज्वारी-मक्याची भरड, पेंड व पालेभाज्यांची देठे चालतात. सोबत शिंपल्यांचा चुरा द्यावा, अन्यथा कवच पातळ होते. बुरशी आलेले धान्य किंवा भुईमुगाची पेंड कधीही देऊ नये. तीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते. पाणी दिवसभर ताजे व सावलीत असावे.

राणीखेत म्हणजेच मानमोडी हा सर्वांत घातक नेहमीचा आजार. त्यावर खात्रीचा उपचार नाही, मात्र लस आहे. लशीची कुपी बहुधा शंभर किंवा अधिक पक्ष्यांपुरती असते आणि एकदा कालवली की काही तासांतच संपवावी लागते. म्हणून आसपासच्या कोंबडीपालकांनी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून एकाच दिवशी लसीकरण करून घेणे सोयीचे ठरते.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातही त्याची लागण आढळली. अनेक पक्षी अचानक मेल्यास त्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, ते खाऊ नयेत वा उकिरड्यावर टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. एका घराने लपवलेली मरतूक साऱ्या गावाच्या कोंबड्यांवर बेतू शकते.

शेजार आणि पुढचा विचार

शहरात कोंबड्या पाळण्यापूर्वी महापालिकेचे व गृहनिर्माण संस्थेचे नियम पाहून घ्यावेत. विष्ठेचे ताजे खत रोपांना जाळते. ते पालापाचोळ्यासह काही महिने कुजवून वापरावे. यामुळे दुर्गंधी व माशाही आटोक्यात राहतात.

शेवटी, एक गोष्ट आरंभीच ठरवलेली बरी. कोंबडी साधारण सहाव्या महिन्यात अंड्यावर येते, पहिली दोन वर्षे भरघोस अंडी देते आणि मग प्रमाण घटत जाते. तिचे आयुष्य मात्र सहा-सात वर्षांचे असू शकते. मुलांनी नाव ठेवलेल्या कोंबडीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात येतो. ज्यांना ती अखेरपर्यंत सांभाळायची आहे, त्यांनी खुराड्यात दोन-तीन पक्ष्यांची जागा अधिक ठेवूनच बांधकामास हात घालावा.