उतारूचा सल्ला

आगगाडी कोठून न्यावयाची हे प्रारंभी कंपन्यांनी व सरकारने ठरविले. उतारूने केवळ भाडे भरावयाचे. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे हाल जाहीरपणे मांडले. १९२० मध्ये अ‍ॅकवर्थ समिती नेमली गेली. श्रीनिवास शास्त्री व पुरुषोत्तमदास ठाकुरदास तिचे सभासद होते. तिने १९२१ च्या अहवालात केंद्रीय व स्थानिक सल्लागार मंडळे सुचविली. मंडळे निघालीही; निर्णयाचा अधिकार मात्र सरकारपाशीच राहिला. (‘सल्लागार’ या शब्दाचे वजन आम्हां सरकारी नोकरांस कोणी सांगावयास नको!) तरीही आम्ही या मंडळांना कमी लेखीत नाही. वेळापत्रक, डब्यांतील गर्दी ही गाऱ्हाणी आता सभेच्या कार्यवृत्तांत नोंदली जाऊ लागली, आणि साहेबास त्यांचे उत्तर देणे भाग पडू लागले.