उत्तर कोणाला द्यायचं?

माझे बाबा एका पक्षाच्या तालुका समितीचे चिटणीस आहेत. पक्ष कोणता ते महत्त्वाचं नाही, रामटेकच्या प्रत्येक पक्षात असा एक माणूस सापडेल. सतरंज्या कोणाकडून आणायच्या, चहा किती सांगायचा आणि बैठकीचं इतिवृत्त कोणी लिहायचं, हे सगळं त्याच्या गळ्यात असतं.

घरून काम करण्याच्या दिवसांत मी पुण्याहून रामटेकला येऊन राहिलो होतो. तेव्हा बाबांबरोबर एका बैठकीला गेलो. समितीने आपल्या निवडून आलेल्या मंडळींना बोलावलं होतं. हार झाले, नारळ झाले, प्रास्ताविक झालं. मग मागे बसलेला एक कार्यकर्ता उठला आणि म्हणाला, "साहेब, टेलवरच्या धानाले पेंचचं पाणी अजून नाही पोचलं. लोंब भरायची वेळ आहे. कधी येईन तेवढं सांगा." समोरचे म्हणाले, "वर बोलतो." आणि पुढचा विषय सुरू झाला.

घरी आल्यावर बाबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पाणीप्रश्नावर चर्चा झाली. सन्माननीय सदस्यांनी सकारात्मक प्रतिसाद दिला.' मी म्हटलं, बाबा, असं कुठे झालं? ते म्हणाले, "अरे, त्याले तिकीट का आपण देलं? तिकीट वरून येते. मंग तो उत्तर कोणाले देईन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. निवडून आलेला माणूस उत्तर कोणाला देणार: मतदाराला, सभागृहाला, की ज्या समितीने त्याच्यासाठी दारोदार चिठ्ठ्या वाटल्या तिला? शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाचं देशातलं सगळ्यात गाजलेलं भांडण आमच्याच पंचक्रोशीत झालं होतं, नागपूर आणि वर्ध्यात.

सुरुवात १९२० ची. त्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. असहकाराच्या ठरावामुळे ते सगळ्यांना माहीत आहे, पण तिथेच काँग्रेसची नवी घटनाही मंजूर झाली. चार आणे वर्गणी भरणारा सभासद, त्याच्या वर स्थानिक समित्या, मग जिल्हा, मग प्रांत, आणि टोकाला कार्यसमिती. प्रांत भाषेवर पाडले गेले. त्यामुळे इंग्रजांचा 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हा एकच प्रांत काँग्रेसच्या नकाशावर तीन ठिकाणी विभागला गेला: नागपूरची मराठी समिती, जबलपूरकडची हिंदी महाकोशल समिती आणि वऱ्हाडची विदर्भ समिती. रामटेक यातल्या पहिलीत.

चळवळ होती तोवर हे चाललं. १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. मध्यप्रांताच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळालं आणि जुलैत डॉ. नारायण भास्कर खरे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत. आता समित्या तीन आणि मंत्रिमंडळ एक. मंत्र्यांत रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. शं. मेहता महाकोशलचे. खरे नागपूरचे, आणि रा. मा. देशमुख व पु. बा. गोळे हे त्यांच्या बाजूचे मराठी मंत्री. वर्षभरात दोन्ही गटांचं इतकं फाटलं की पक्षाला मध्ये पडावं लागलं.

मे १९३८ मध्ये पचमढीला बैठक झाली. एका बाजूला मंत्री, म्हणजे निवडून आलेली मंडळी. दुसऱ्या बाजूला पक्ष: सरदार पटेल, मौलाना आझाद आणि तिन्ही प्रांतिक समित्यांचे अध्यक्ष. भांडण मिटवून एकत्र काम करायचं, असं ठरलं. ते टिकलं नाही.

२० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला, गोळे आणि देशमुखांनीही दिला. मुख्यमंत्री गेला की मंत्रिमंडळ जातं, हा संसदीय रिवाज. पण शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी राजीनामे द्यायला नकार दिला. पक्षश्रेष्ठी सांगतील तेव्हाच देऊ, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केलं आणि २१ तारखेला खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. काँग्रेसमध्ये गहजब झाला: मंत्री आपला, आणि तो निर्णय घेतो इंग्रज गव्हर्नरच्या संगतीने! वर्ध्याला कार्यसमिती बसली. २३ तारखेला खऱ्यांनी पुन्हा राजीनामा दिला. २७ जुलैला विधानसभेतल्या काँग्रेस आमदारांची सभा वर्ध्यातच झाली. अध्यक्षस्थानी सुभाषचंद्र बोस होते. शुक्ल नेते निवडले गेले आणि खरे प्रकरण संपलं.

खऱ्यांची बाजू अशी की सहकारी निवडणं हा मुख्यमंत्र्याचा अधिकार आहे. पक्षाची बाजू अशी की मंत्री पक्षामुळे मंत्री आहेत. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ही दुसरी बाजू मला पटते. गव्हर्नरच्या मर्जीने मंत्री बदलू लागले असते, तर चार आणे भरणाऱ्याने तुरुंग कशासाठी भोगला होता?

पण या साऱ्यात मला एक गोष्ट टोचते. निकाल पक्षाच्या बाजूने लागला, तो पक्षाच्या वरच्या टोकाच्या बाजूने. पचमढीला प्रांतिक अध्यक्ष हजर होते, पण वजन होतं ते पटेल-आझादांचं. तालुक्यांना कोणी विचारलं नाही. नागपूरच्या घटनेने बांधलेल्या शिडीवरून हुकूम खाली येऊ शकत होता, जाब वर जाऊ शकत नव्हता. मराठी भागात याची बोच राहिली. १ ऑक्टोबर १९३८ रोजी याच विधानसभेने वेगळ्या महाविदर्भाचा ठराव मंजूर केला. त्या मागणीची मुळं जुनी होती, पण उन्हाळ्यातल्या भांडणाचा धुरळा अजून खाली बसलेला नव्हता.

पुढे सत्ता आली आणि वरच्या टोकालाही तोच अनुभव आला. नोव्हेंबर १९४७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष आचार्य कृपलानी पायउतार झाले. तक्रार हीच होती की सरकार पक्षाला विचारत नाही. म्हणजे १९३८ मध्ये मंत्र्याला घरी पाठवणारी संघटना नऊ वर्षांत मंत्र्यांच्या दारात उभी होती.

रामटेकने तर 'वरून येते' हे फार जवळून पाहिलं आहे. १९८४ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव आंध्रातल्या हनमकोंड्यातून हरले आणि त्याच निवडणुकीत रामटेकमधून जिंकले. १९८९ मध्ये पुन्हा जिंकले. ते मराठी उत्तम जाणत, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. माणूस मोठाच. पण ते रामटेकला उभे राहणार हे रामटेकच्या समितीने ठरवलं नव्हतं. तिने सतरंज्या घातल्या.

आणि पक्ष म्हणजे नेमकं कोण, हा वाद अजून चालूच आहे. शिवसेना फुटल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह देताना आमदार-खासदारांचं संख्याबळ मोजलं. त्याच वर्षी ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की व्हीप नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. एकाने निवडून आलेल्यांची डोकी मोजली, दुसऱ्याने संघटनेकडे बोट दाखवलं. तालुक्याच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं आहे, हे यात कोणी उघडून पाहिलं नाही.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वर्ध्याचं त्यांना माहीत होतं, त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. मी म्हटलं, तुम्हाला मी लॅपटॉपवर एक तक्ता करून देतो: प्रश्न कोणी विचारला, उत्तर कोणी दिलं, काम कधीपर्यंत होणार. ते म्हणाले, "राहू दे. बैठकीत लॅपटॉप पाहून लोक बोलत नाहीत."

पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा सवयीने रजिस्टर चाळलं. बाबांनी पानावर पट्टीने तीन रकाने आखले होते. पहिल्यात टेलच्या पाण्याचा प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासकट. दुसऱ्यात 'वर बोलतो', जसंच्या तसं. तिसरा कोरा होता. खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, निवडून आलेल्यांच्याही.