टॉप-लोड वॉशिंग मशीन (यांत्रिक रचना)

टॉप-लोड वॉशिंग मशीन हे वरच्या बाजूने कपडे टाकण्याची सोय असलेले धुलाई यंत्र होय. कपडे घुसळण्यासाठी मागेपुढे फिरणारी संथ गती आणि ते पिळण्यासाठी एकाच दिशेची वेगवान गती, अशा दोन भिन्न गती या यंत्राला लागतात. त्या कशा मिळवल्या, यावरून जुन्या यंत्रांचे पुढील तीन प्रकार पडतात.

अ‍ॅजिटेटर पद्धत
या पद्धतीत टबाच्या मध्यभागी पाती असलेला उभा खांब असतो. अमेरिकेतील मेटॅग कंपनीने १९२२ साली टबाच्या तळातून फिरणारा अ‍ॅजिटेटर प्रचारात आणला. मोटरच्या सलग फिरण्याचे मागेपुढे होणाऱ्या हालचालीत रूपांतर तेलाने भरलेला गिअरबॉक्स करतो. मेटॅगच्या नंतरच्या स्वयंचलित यंत्रांत मोटर एका दिशेने फिरल्यास धुलाई व उलट दिशेने फिरल्यास पिळणी होई. भार वाढल्यास पट्टा घसरे आणि मोटर वाचे. व्हर्लपूलने १९८०च्या दशकात पट्टा काढून मोटर थेट गिअरबॉक्सला जोडली. दोहोंमधील स्वस्त जोडतुकडा जादा भाराने तुटतो. तो बदलला की यंत्र पुन्हा चालू होते.

दोन टबांची पद्धत
जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ साली पल्सेटरचे, म्हणजे फिरत्या चकतीचे, घरगुती यंत्र आणले. भारतात रूढ झालेल्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात ही चकती धुलाईच्या टबाच्या तळाशी असते. टायमर मोटरची दिशा आलटून पालटून बदलतो, त्यामुळे मागेपुढे हालचालीसाठी गुंतागुंतीचा गिअरबॉक्स लागत नाही. पिळणीच्या टबाखाली स्वतंत्र मोटर थेट जोडलेली असते. ५० हर्ट्झ विजेवर चार ध्रुवांच्या मोटरचा समकालिक वेग मिनिटाला १,५०० फेरे असल्याने हा टब त्याहून थोड्या कमी वेगाने फिरतो. झाकण उघडताच वीजप्रवाह खंडित होऊन ब्रेक लागतो.

एका टबाची स्वयंचलित पद्धत
येथे एकच मोटर दोन्ही कामे करते. पोकळ दांड्यात दुसरा दांडा बसवलेला असतो. धुताना आतला दांडा केवळ पल्सेटर फिरवतो व टब ब्रेकने रोखलेला असतो. पाणी सोडण्याची झडप उघडताना तीच ओढ क्लचची तरफ हलवते. मग दोन्ही दांडे एकत्र फिरतात. टब चार स्प्रिंगयुक्त सळयांवर टांगलेला असतो. त्याच्या काठावरील कड्यात भरलेले खारे पाणी असमतोल कमी करते.

तुलना
अ‍ॅजिटेटर मळ चांगला काढतो, परंतु कपडे अधिक घासतो व टबातील जागा अडवतो. पल्सेटरची रचना साधी असली, तरी कपड्यांना पीळ बसतो. दोन टबांच्या यंत्रात ओले कपडे हाताने हलवावे लागतात. मात्र बादलीने पाणी भरता येते, साबणाचे पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येते आणि एक मोटर बिघडली तरी दुसरा टब चालतो. नळाला दररोज पाणी न येणाऱ्या गावांत या गोष्टी निर्णायक ठरतात.

महाराष्ट्रात
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील चितेगाव येथे व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचा कारखाना होता. या समूहाची वॉशिंग मशीन १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमुळे घरोघरी परिचित झाली. २०१८ साली कंपनीविरुद्ध दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.