मोटेलमध्ये लिफ्ट नसेल तर...

अमेरिकेत मोटारीने सहकुटुंब प्रवास करताना रात्रीच्या मुक्कामासाठी मोटेल हा सोयीचा पर्याय ठरतो. 'मोटर' आणि 'हॉटेल' यांच्या संयोगातून बनलेले हे नाव कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे १९२५ मध्ये सुरू झालेल्या निवासगृहाशी निगडित आहे.

जुनी मोटेल्स बहुधा दुमजली असतात. १९९० च्या अपंगविषयक कायद्यानेही तीनपेक्षा कमी मजल्यांच्या अशा इमारतींना लिफ्टच्या सक्तीतून वगळले आहे. त्यामुळे वरची खोली मिळाल्यास झोपलेले मूल, बाबागाडी आणि सामान जिन्यानेच न्यावे लागते.

आरक्षण करतानाच तळमजल्यावरील खोली मागावी. तेथे तळमजल्यालाच 'फर्स्ट फ्लोअर' म्हणतात, हे भारतातून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मात्र या खोलीचे दार अनेकदा थेट वाहनतळाकडे उघडते. आत शिरताच कडी लावणे अगत्याचे.

वरच्या खोल्यांसमोर बहुधा उघडी गॅलरी असते. तिच्या कठड्याच्या गजांतून चार इंच व्यासाचा चेंडू जाता कामा नये, असा तेथील आजच्या बांधकामांचा सर्वसाधारण दंडक आहे. जुन्या कठड्यांतील फटी याहून रुंद असू शकतात.

रात्रीपुरते कपडे, दूध व औषधे एकाच पिशवीत ठेवल्यास जिन्याच्या फेऱ्या वाचतात. पालक एकटा असल्यास सामान आणण्यासाठी मुलाला खोलीत किंवा मोटारीत एकटे सोडू नये. सामान सकाळपर्यंत मोटारीच्या डिकीत राहू शकते.