बूट-करार, अमेरिकी महाविद्यालयीन

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडाविभाग आणि क्रीडासाहित्य कंपन्या यांच्यात बूट, गणवेश व सरावाचे कपडे यांसाठी होणारे दीर्घ मुदतीचे करार. कंपनी साहित्य फुकट पुरवते, वर रोख रक्कम देते. बदल्यात विद्यापीठाचे संघ फक्त त्याच कंपनीचे चिन्ह अंगावर वागवतात. व्यावसायिक खेळाडूंचे बुटांच्या जाहिरातीचे करार आणि हे करार जोडीनेच वाढले. महाविद्यालयीन खेळाडूला पैसे घेण्याची मनाई होती तोवर त्याच्या लोकप्रियतेची किंमत आधी प्रशिक्षकाच्या आणि मग विद्यापीठाच्या खात्यात जमा होत गेली, हे या साऱ्या इतिहासाचे सूत्र म्हणता येईल.

प्रारंभ : बुटावर माणसाचे नाव घालून तो विकण्याची प्रथा कन्व्हर्स कंपनीचा विक्रेता चक टेलर याच्यापासून धरतात. बास्केटबॉलची प्रात्यक्षिके देत तो गावोगाव फिरे; 1930 नंतरच्या दशकात त्याची सही बुटाच्या घोट्यावरील गोल चकतीवर आली. पुढची कित्येक दशके महाविद्यालयांची मैदाने कन्व्हर्सच्याच ताब्यात होती.

ही मक्तेदारी मोडली ती नायकीने. ही कंपनीच मुळी विद्यापीठाच्या धावपट्टीवर जन्मली : ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आणि त्यांचा धावपटू शिष्य फिल नाइट यांनी 1964 मध्ये वेगळ्या नावाने ती सुरू केली होती. 1977 मध्ये सनी व्हाकॅरो कंपनीत आले. पिट्सबर्गमध्ये ते 1965 पासून शालेय खेळाडूंचा वार्षिक सामना भरवत, त्यामुळे देशभरचे प्रशिक्षक त्यांच्या ओळखीचे. त्यांची युक्ती साधी होती. महाविद्यालयीन क्रीडेची नियामक संस्था एनसीएए खेळाडूला पैसे देऊ देत नव्हती, प्रशिक्षकाला मात्र देता येत होते. म्हणून प्रशिक्षकाला मानधन द्यायचे आणि संघाला बूट फुकट. लास व्हेगासचे जेरी टार्केनियन हे या योजनेतील सुरुवातीच्या प्रशिक्षकांपैकी. करार प्रशिक्षकाच्या व्यक्तिगत नावावर असे. बूट मात्र पोरांच्या पायांत दिसत आणि दूरदर्शनवर तेच दिसायला हवे होते.

जॉर्डन : नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मायकेल जॉर्डन कन्व्हर्स घालूनच खेळला, कारण प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा करार त्या कंपनीशी होता. त्याला स्वतःला आदिदास पसंत होते. 1984 मध्ये व्यावसायिक होताच नायकीने त्याच्याशी पाच वर्षांचा, वर्षाला सुमारे 5 लाख डॉलरचा करार केला. 1985 मध्ये बाजारात आलेल्या एअर जॉर्डनने पहिल्याच वर्षी 10 कोटी डॉलरहून अधिक विक्री केल्याचे सांगतात. व्यावसायिक बास्केटबॉल संघटना एनबीएने हे बूट बंद केले, ही जाहिरातीतून पसरलेली कथा आहे. मनाई नेमक्या कोणत्या बुटाला झाली याविषयी मतभेद आहेत. 1985 मध्येच, एअर जॉर्डनचा आरेखक पीटर मूर याच्याच आरेखनाखाली, केंटकी, मिशिगन, आयोवा, सिरॅक्यूज आदी विद्यापीठांच्या रंगांत ‘डंक’ हा बूट निघाला. जॉर्डनच्या झगमगाटात त्याकडे दुर्लक्ष झाले, पण महाविद्यालयाचा रंग हाच विक्रीचा माल, ही कल्पना इथे पक्की झाली.

विद्यापीठव्यापी करार : सर्व संघांसाठी एकच कंपनी, असा पहिला करार मायामी विद्यापीठाने नायकीशी 1987 मध्ये केला, असे सामान्यतः मानतात. 1994 मध्ये मिशिगन आले आणि मग रांगच लागली. 2015–16 या काळात आकडे फुगले : टेक्सस 25 कोटी, ओहायो स्टेट 25.2 कोटी, आणि अंडर आर्मरकडून यूसीएलएला 15 वर्षांसाठी 28 कोटी डॉलर. हे आकडे वाचताना सावध असावे. त्यांतील मोठा हिस्सा बूट-कपड्यांच्या किमतीचा असतो, रोखीचा नव्हे. शिवाय सरकारी विद्यापीठांची करारपत्रे माहितीच्या कायद्याने मिळतात, ड्यूकसारख्या खासगी विद्यापीठांची मिळत नाहीत. त्यामुळे ज्ञात इतिहास (प्रस्तुत नोंदीसह) सरकारी विद्यापीठांकडे झुकलेला आहे.

करारपत्रांतील बारकावे वाचनीय असतात. फुटबॉल खेळाडू घोटा सांभाळण्यासाठी बुटावरूनच पांढरी चिकटपट्टी गुंडाळतात. तिच्याखाली कंपनीचे चिन्ह झाकले गेले तर रकमेतून टक्केवारीने कपात, असे कलम नायकीच्या करारांत आढळते; वैद्यकीय कारणापुरती सूट.

यूसीएलएचा विक्रम टिकला नाही. 2020 मध्ये अंडर आर्मरने करार सोडला, विद्यापीठ न्यायालयात गेले आणि 2022 मध्ये सुमारे 6.75 कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर यूसीएलएचे खेळाडू नायकी-जॉर्डनचे गणवेश घालू लागले होते. झेपावत्या जॉर्डनची आकृती 2016 मध्ये मिशिगनच्या फुटबॉल संघाच्या अंगावर आली होती : माणूस बास्केटबॉलचा, विद्यापीठ त्याचे नव्हे, तरी चिन्ह त्याचे.

खेळाडू विरुद्ध करार : 2009 मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठ आदिदासशी बांधलेले असताना तेथे खेळणारा जॉर्डनपुत्र मार्कस वडिलांचेच बूट घालून उतरला. बाकी सारा पोशाख आदिदासचा. कंपनीने विद्यापीठाशी संबंध तोडले. पुढे विद्यापीठ नायकीकडे गेले.

उलट्या बाजूचा प्रसंग 20 फेब्रुवारी 2019 चा. ड्यूक–नॉर्थ कॅरोलायना सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते. ड्यूकचा झायन विल्यमसन चेंडू घेऊन वळताना घसरला, डाव्या बुटाचा तळवा फाटून अलग झाला आणि पाऊल मोज्यासकट बाहेर आले. गुडघा दुखावला, त्या सामन्यात तो परतला नाही. बूट पॉल जॉर्ज या व्यावसायिक खेळाडूच्या नावाचा, पुरवठा विद्यापीठाच्या करारातला, आणि घालणाऱ्याला त्यातून छदामही नाही. दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर एक टक्क्याहून अधिक उतरला. त्याच वर्षी व्यावसायिक झाल्यावर विल्यमसनने नायकीच्याच जॉर्डन शाखेशी करार केला.

गैरव्यवहार व टीका : 2017 मध्ये खेळाडूंच्या कुटुंबांना गुपचूप पैसे पोहोचवल्याच्या आरोपावरून आदिदासचा एक अधिकारी पकडला गेला व पुढील वर्षी दोषी ठरला; याच प्रकरणावरून लुइव्हिल विद्यापीठाने प्रशिक्षक रिक पिटिनो यांना काढले. कारखान्यांतील कामगारांच्या स्थितीवरून विद्यार्थ्यांनी केलेल्या आंदोलनानंतर ओरेगन विद्यापीठ कामगार हक्क संघात सामील झाले, तेव्हा 2000 मध्ये फिल नाइट यांनी विद्यापीठाला देण्याची ठरलेली 3 कोटी डॉलरची देणगी मागे घेतली होती.

2021 नंतर : खेळाडूंची छबी विनामोबदला वापरल्याबद्दल एड ओ’बॅनन या माजी खेळाडूने 2009 मध्ये एनसीएएवर दावा लावला. त्यामागे नायकी सोडलेले, आदिदास व रिबॉकही करून आलेले व्हाकॅरो होते, हा इतिहासाचा विनोदच. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व छबी विकण्याची मुभा मिळाली. त्यातून नवी कोंडी झाली. ड्यूकचा खेळाडू कूपर फ्लॅग याने 2024 मध्ये न्यू बॅलन्सशी करार केला. ड्यूकच्या मैदानावर मात्र त्याला नायकीच घालावे लागले. टेनेसी विद्यापीठाने 2025 मध्ये नायकी सोडून आदिदासकडे जाण्याचा, जुलै 2026 पासूनचा दहा वर्षांचा करार जाहीर केला. त्यात खेळाडूंना स्वतंत्र जाहिरात-करार मिळवून देण्यावर विशेष भर आहे.

महिला : केटलिन क्लार्क (आयोवा) हिने 2022 मध्ये विद्यार्थिदशेतच नायकीशी करार केला.